समलिंगी ओढ, इस्लामवरील श्रद्धा आणि निकाह: तीन प्रश्न वेगळे कसे करावेत

ज्याला स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीची ओढ वाटते, ज्याची अल्लाहवर मनापासून श्रद्धा आहे आणि ज्याचा निकाह झालेला आहे किंवा लवकरच व्हायचा आहे, असा माणूस बहुधा वर्षानुवर्षे एकच प्रश्न मनात घोळवत असतो: हे सगळे एकत्र बसवायचे कसे? उत्तर सापडत नाही, कारण हा एक प्रश्न नसून तीन आहेत. ओढीचे काय करायचे हा माणसाचा स्वतःशी असलेला प्रश्न आहे, श्रद्धेचे काय हा त्याचा आणि अल्लाहचा आहे, आणि लग्नाच्या प्रश्नात मात्र आणखी एक व्यक्ती आहे, जिला असा काही प्रश्न आहे याचीच बहुतेकदा कल्पना नसते. इस्लामी परंपरेने अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क, म्हणजे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, यांत स्पष्ट भेद केला आहे. पहिल्या प्रकारातली चूक खऱ्या तौबेने, म्हणजे पश्चात्तापाने, माफ होऊ शकते, पण दुसऱ्या प्रकारात ज्याचा हक्क मारला गेला त्याची भरपाई केल्याशिवाय किंवा त्याची माफी मिळाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. असे असूनही बहुतेक जण आपली सारी शक्ती पहिल्या दोन प्रश्नांवर खर्च करतात आणि तिसरा तसाच ठेवून देतात. पुढील मार्गदर्शन हा क्रम उलटा करण्यासाठी आहे. ते पुरुषांइतकेच स्त्रियांनाही लागू आहे. जिथे स्त्रीची परिस्थिती वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

ओढ, कृती आणि अर्थ लावणे

सुरुवात स्वतःला नेमके प्रश्न विचारून करावी. ओढ केव्हापासून आहे, ती फक्त समलिंगी आहे की विरुद्धलिंगी व्यक्तींविषयीही आकर्षण वाटते, जोडीदाराविषयी शारीरिक इच्छा कधी वाटली होती का, आणि ओढ केवळ मनात आहे की तिच्यातून काही कृती घडली आहे, या प्रश्नांची उत्तरे पुढच्या प्रत्येक निर्णयाला लागतात. ज्याला दोन्ही प्रकारचे आकर्षण आहे त्याचे लग्न आणि ज्याला जोडीदाराचा स्पर्शही जड जातो त्याचे लग्न, यांना एकच सल्ला चालत नाही. ही उत्तरे कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवू नयेत, मनातच ठेवावीत.

धार्मिक बाजू जशी आहे तशीच समजून घ्यावी. चारही सुन्नी मजहब (विधिपंथ) आणि शियांचे जाफरी फिकह (धर्मविधिशास्त्र) समलिंगी शरीरसंबंधांना हराम, म्हणजे निषिद्ध, मानतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र ओढ आणि कृती यांत ही परंपराच फरक करते. मनात येणारे विचार, जोवर त्यांवर कृती होत नाही किंवा ते बोलून दाखवले जात नाहीत तोवर, अल्लाहने या उम्मतला, म्हणजे मुस्लिम समुदायाला, माफ केले आहेत, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जी भावना माणसाने निवडलेली नाही तिच्याबद्दल त्याला गुन्हेगार ठरवणे हे फिकहचे नव्हे, समाजाचे काम आहे. शिक्षेच्या बाबतीतही सर्वांचे एकमत कधीच नव्हते: हनफी मजहबचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांनी या कृतीला हद्दच्या, म्हणजे ठरावीक शिक्षेच्या गुन्ह्यांत धरले नाही, आणि त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांनी त्यांच्याशी मतभेद नोंदवला.

अलीकडच्या काळात वेगळा अर्थ लावणारे अभ्यासकही आहेत. पैगंबर लूत (अ.) यांच्या कौमची, म्हणजे लोकांची, कथा जबरदस्ती, पाहुण्यांची विटंबना आणि पैगंबराला नाकारणे यांविषयी आहे, परस्परप्रेमाविषयी नाही, अशी मांडणी स्कॉट सिराज अल-हक कुगल यांनी केली आहे. दक्षिण आफ्रिकेतील इमाम मुहसिन हेंड्रिक्स हे स्वतः एका स्त्रीशी विवाहित होते, त्यांना मुले होती, आणि घटस्फोटानंतर त्यांनी आपली ओळख उघड करून अशाच मुस्लिमांसाठी काम केले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. बहुसंख्य उलेमांना ही मांडणी मान्य नाही. वाचकाने दोन्ही बाजू सावकाश वाचाव्यात, आणि सोयीची बाजू एका रात्रीत उचलू नये, तशीच भीतीपोटी दुसरीही उचलू नये. माझ्या मते याहून महत्त्वाचे हे की तुम्ही कोणत्याही निष्कर्षाला आलात तरी जोडीदाराविषयीचे तुमचे कर्तव्य बदलत नाही. कृती हलाल ठरली म्हणून फसवणूक हलाल होत नाही, आणि कृती टाळली म्हणून जोडीदाराचा एकटेपणा भरून निघत नाही.

ओढ नाहीशी करून देऊ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे, मग ते औषधे देत असोत, समुपदेशनाच्या नावाखाली धाक घालत असोत किंवा जिन उतरवण्यासाठी मारहाण करत असोत. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले, आणि ओढ बदलण्याच्या उपचारांनी ती बदलत नाही, उलट नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात, हे वैद्यकीय संस्थांनी वारंवार सांगितले आहे. मन फार खचले असेल, जगण्याचीच इच्छा राहिली नसेल, तर बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तज्ज्ञ निवडताना पहिल्याच भेटीत विचारावे की ते ओढ बदलू पाहतात का. उत्तर होकारार्थी आले तर दुसरा तज्ज्ञ शोधावा.

नमाज सोडू नये

अशा स्थितीतली अनेक माणसे हळूहळू नमाज सोडतात, कारण आपल्यासारख्याचा सजदा कबूल होणार नाही असे त्यांना वाटते. ही समजूत अहले सुन्नतच्या, म्हणजे सुन्नी मुख्य प्रवाहाच्या, अकीद्याशी (श्रद्धातत्त्वांशी) जुळत नाही. मोठा गुनाह करणारा मनुष्य इस्लामबाहेर जातो, हे मत पहिल्या हिजरी शतकातल्या खारिजी या कट्टर पंथाचे होते आणि मुख्य प्रवाहाने ते फेटाळले. स्वतःला दूषणे देताना माणूस नकळत खारिजींचाच फतवा स्वतःवर लावत असतो, ही गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटते. सूरह जुमर (३९:५३) मध्ये ज्यांनी स्वतःवर अतिरेक केला त्यांनाच उद्देशून, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, असे म्हटले आहे. एका बाबतीत पाऊल घसरले म्हणून रोजा, जकात, आईवडिलांची सेवा, व्यवहारातला खरेपणा हे सारे रद्द होत नाही.

तौबेचेही पथ्य आहे. दररोज रात्री तीच तौबा, तीच घोकणी, पुन्हापुन्हा वुजू, असे होऊ लागले तर तो वसवसा, म्हणजे मनाला छळणारा संशय, आहे आणि त्यावर वैद्यकीय मदत घेता येते. आपले गुनाह सगळ्यांसमोर उघडे करणेही दीनने मागितलेले नाही: अल्लाहने झाकलेली गोष्ट सकाळी उठून स्वतःच चारचौघांत सांगणाऱ्यांची हदीसमध्ये निंदाच केली आहे. दुसऱ्यांना तुमच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा अधिकार नाही, कारण सूरह हुजुरात (४९:१२) हेरगिरीला मनाई करते. मौलानांना किंवा मुफ्तींना प्रश्न विचारायचा असेल तर नाव न सांगता, “एखाद्या व्यक्तीची अशी परिस्थिती असेल तर” अशा रीतीने विचारावा. मुफ्तीचा फतवा हे विचारलेल्या प्रश्नावरचे मत असते, काझीच्या निकालासारखा तो बंधनकारक नसतो, त्यामुळे प्रश्न अर्धवट मांडला की उत्तरही अर्धवटच येते. “लग्न करावे का?” एवढेच विचारले तर “करावे” हेच ऐकायला मिळेल. “जोडीदाराविषयी शारीरिक इच्छा वाटणार नाही याची खात्री असताना, तिला न सांगता लग्न करावे का?” असे विचारून पाहावे.

निकाह अजून झाला नसेल तर

निकाह हे अर्धे दीन आहे, लग्न झाले की सगळे सुरळीत होते, ही वाक्ये घरातून येतील. फिकहमधली मांडणी याहून बारकाईची आहे. हनफी फिकहनुसार निकाहचा हुकूम व्यक्तीपरत्वे बदलतो: कुणासाठी तो वाजिब (आवश्यक) असतो, कुणासाठी सुन्नत (पैगंबरांची रीत), पण जोडीदारावर अन्याय होईल अशी भीती असेल तर तो मकरूह (नापसंत) ठरतो आणि तशी खात्रीच असेल तर हराम. म्हणजे लग्न टाळणारा माणूस दीनच्या विरोधात जातो असे सरसकट म्हणता येत नाही. काही परिस्थितींत तोच दीनचा हुकूम पाळत असतो. लग्न हा ओढीवरचा उपाय नाही, आणि दुसऱ्याचे आयुष्य उपाय म्हणून वापरून पाहण्याचा हक्क कुणालाही नाही.

नकार देताना खरे कारण सांगणे बंधनकारक नाही. “मी या जबाबदारीला पात्र नाही, आणि कुणाच्या मुलीवर अन्याय होईल असे पाऊल मी उचलणार नाही,” हे वाक्य खरे आहे, पुरेसे आहे आणि घरातल्या धार्मिक माणसाला खोडून काढणे अवघड आहे. दरवेळी नवे निमित्त शोधण्यापेक्षा हे एकच वाक्य न चिडता पुन्हापुन्हा म्हणावे, कारण निमित्ते दूर करता येतात: शिक्षण संपते, नोकरी लागते, बहिणीचे लग्न होऊन जाते. मुलीवर दबाव असेल तर तिने हे लक्षात ठेवावे की खन्सा बिन्ते खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो रद्द केल्याचे बुखारीत नोंदले आहे. घरात या दाखल्याचा उपयोग होईलच असे नाही; पण विश्वासातला मामा, आत्या किंवा मौलाना मध्यस्थी करणार असतील तर त्यांच्या हाती तो द्यावा. इस्तिखारा, म्हणजे निर्णयासाठी अल्लाहकडे मार्गदर्शन मागणारी नमाज व दुआ, जरूर करावा, मात्र त्यात स्वप्नच पडले पाहिजे असे नाही, आणि जे आधीच स्पष्टपणे ठाऊक आहे त्यावर पांघरूण घालण्यासाठी तो नाही.

समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री यांनी एकमेकांना सारे सांगून लग्न करावे, असाही मार्ग काही जण काढतात. त्यात फसवणूक नाही हे खरे, तरी मुलांचा आग्रह, सासरचे राहणे, एकाचे नाते उघड झाल्यास दुसऱ्याचे काय, या गोष्टी आधी बोलून घेतल्या नाहीत तर दोन माणसांचे ओझे चार पटींनी वाढते.

निकाह झाला असेल तर

पहिले काम आरोग्याचे आहे, आणि ते लाजेखातर पुढे ढकलता येत नाही. लग्नाबाहेर शरीरसंबंध आला असेल तर एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया आणि हेपॅटायटिस बी यांच्या चाचण्या करून घ्याव्यात आणि निकाल समजेपर्यंत जोडीदाराशी असुरक्षित संबंध ठेवू नये. संसर्गानंतरचे काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. धोका नुकताच पत्करला गेला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करता येतात. तसे संबंध पुढेही घडण्याची शक्यता असेल तर कंडोम आणि प्रतिबंधक गोळ्या, ज्यांना प्रेप म्हणतात, यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. गुनाह मानणे आणि काळजी घेणे यांत विरोध नाही. “पुन्हा असे करणारच नाही” या निश्चयावर भिस्त ठेवून काळजी न घेणाऱ्याची किंमत घरातल्या बेखबर माणसाला मोजावी लागते.

दुसरे काम जोडीदाराच्या हक्कांचा हिशेब मांडण्याचे. पतिपत्नी एकमेकांचा पोशाख आहेत, असे सूरह बकरा (२:१८७) म्हणते. त्याच सूरहमध्ये (२:२२६) पत्नीपासून दूर राहण्याची शपथ घेणाऱ्या पतीला चार महिन्यांची मुदत दिली आहे, त्यानंतर त्याने परत यावे किंवा तिला मोकळे करावे. पती शरीरसंबंधास असमर्थ असल्याची तक्रार पत्नीने केली तर त्याला एक वर्षाची मुदत देऊन त्यानंतर तिला विभक्त होण्याचा हक्क फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधितज्ज्ञांनी, दिला. शरीरसुख हा पत्नीचाही हक्क आहे आणि तिला अनिश्चित काळ टांगून ठेवता येत नाही, हे यातून उघड होते. “मी तिला काही कमी पडू दिलेले नाही” असे म्हणणाऱ्या पतीने पैसा, घर आणि मुले यांपलीकडे जाऊन विचारावे: ती स्वतःला कुरूप, नकोशी, कुठेतरी कमी पडलेली समजू लागली आहे का? अशा लग्नांत सगळ्यात खोल जखम बहुधा हीच असते, आणि ती गप्प राहण्यातून होते.

म्हणून सांगावे का, हा प्रश्न येतो. इथे दोन तत्त्वे एकमेकांसमोर उभी राहतात: झालेला गुनाह झाकावा हे एक, आणि दुसऱ्याला नुकसान पोहोचवू नये हे दुसरे. मला यातून मार्ग असा दिसतो की घडलेल्या कृतींचा तपशील, नावे, ठिकाणे सांगण्याची गरज नाही. पण ज्या वस्तुस्थितीवर जोडीदाराचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे, म्हणजे “माझी ओढ वेगळी आहे आणि ती बदलणारी नाही”, ती तिच्यापासून किंवा त्याच्यापासून कायमची दडवून ठेवणे अमानतीत, म्हणजे सोपवलेला विश्वास जपण्यात, बसत नाही. जिथे आरोग्याचा धोका पोहोचला असेल तिथे तो सांगणे तर टाळताच येत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे तो जिवाच्या सुरक्षेचा. सौदी अरेबिया आणि इराणमध्ये समलिंगी संबंधांसाठी मृत्युदंडही होऊ शकतो. याउलट जॉर्डनमध्ये १९५१ पासून आणि तुर्कस्तानात ऑटोमन काळातल्या १८५८ च्या दंडसंहितेपासून प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. कायदा काहीही असो, सासर किंवा माहेर हिंसक असेल, विशेषतः सांगणारी व्यक्ती स्त्री असेल, तर आधी ओळखपत्रे, निकाहनामा, मुलांचे दाखले आणि स्वतःच्या हाताशी थोडे पैसे सुरक्षित करावेत, रात्रीअपरात्री जाता येईल असे एक घर ठरवून ठेवावे, आणि तरीही धोका वाटत असेल तर खरे कारण न सांगता विभक्त होण्याचा मार्ग धरावा. फोनमधले संदेश आणि छायाचित्रे ही ब्लॅकमेल करणाऱ्यांची मुख्य सामग्री असते, हेही विसरू नये.

सांगायचे ठरले तर भांडणात, आजारपणात, मुले शेजारच्या खोलीत असताना किंवा सासरी मुक्कामाला असताना सांगू नये. लेखी तर मुळीच सांगू नये. आधी हे स्पष्ट करावे की ही गोष्ट लग्नाच्या आधीपासूनची आहे आणि यात तिचा किंवा त्याचा काही दोष नाही. पुष्कळ जोडीदारांना इतर सगळ्यापेक्षा हेच वाक्य ऐकायची गरज असते. मग थांबावे. त्याच दमात माफी मागू नये, कारण माफी मागितली की समोरच्यावर ती देण्याचे दडपण येते. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत, न विचारलेली देत बसू नये. आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण करतात: कुरआनावर हात ठेवून गुप्ततेची शपथ घालू नये. जोडीदारालाही कुणाशी तरी बोलावे लागणार आहे, तेव्हा ती विश्वासातली एक व्यक्ती कोण असावी हे दोघांनी मिळून ठरवावे. त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. पुढच्या काही आठवड्यांत राग, मूकपणा, अचानक जवळीक, हे सारे येऊन जाते, आणि त्यातल्या कोणत्याही एका दिवसाला अंतिम उत्तर समजू नये.

एकत्र राहणे किंवा वेगळे होणे

सर्व कळल्यावरही काही जोडपी एकत्र राहतात. दोन्ही प्रकारची ओढ असलेल्या जोडीदारासोबत हे अधिक वेळा निभते. यात दोघांनी मर्यादा स्पष्ट शब्दांत ठरवाव्यात आणि काही काळाने पुन्हा तपासाव्यात. पारंपरिक मत मानणारा माणूस ओढ मान्य करून, तिच्यावर कृती न करता, जोडीदाराशी स्नेहाचे आणि शक्य तितके शरीराचेही नाते ठेवू शकतो. हा मार्ग आदराने पाहावा, मात्र तो दुसऱ्यावर लादू नये. जोडीदाराने “मुलांसाठी” म्हणून होकार दिला असेल तर एकदा एकांतात विचारून घ्यावे की मुले नसती तर उत्तर काय असते.

वेगळे होणे हे दीनचे अपयश नाही. भलेपणाने ठेवावे किंवा भलेपणाने सोडावे, असे सूरह बकरा (२:२२९) सांगते. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने पैगंबर (स.) यांच्याकडे येऊन सांगितले की पतीच्या दीनमध्ये किंवा स्वभावात मला दोष दिसत नाही, पण मी त्यांच्याबरोबर राहू शकत नाही, तेव्हा मेहर म्हणून मिळालेली बाग परत करायला ती तयार आहे का एवढे विचारून तिला मोकळे करण्यात आले. आतले कारण तिच्याकडून उकरून काढले गेले नाही. खुला, म्हणजे पत्नीच्या मागणीवरून होणारा विच्छेद, मागणाऱ्या स्त्रीसाठी हा दाखला फार मोलाचा आहे. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ बसवले (४:३५) तर त्यांनाही “आमचे वैवाहिक नाते जुळू शकले नाही” एवढे उत्तर पुरते, आणि दोघांनी ते अगोदर ठरवून ठेवावे, म्हणजे दोन घरांत दोन कहाण्या फिरत नाहीत.

पतीने पुढाकार घेतला असेल तर एकदाच, शुद्धतेच्या काळात, म्हणजे पत्नीची पाळी चालू नसताना, एक तलाक द्यावा आणि इद्दत, म्हणजे तलाकनंतर पत्नीने थांबायचा ठरावीक काळ, पूर्ण होऊ द्यावी, एका दमात तीनदा उच्चारू नये. संबंध आलाच नसेल तर ठरलेल्या मेहरच्या निम्मी रक्कम देय असते (२:२३७), परंतु हनफी मतानुसार दोघांना निर्वेध एकांत मिळाला असेल तर पूर्ण मेहर द्यावी लागते, आणि ज्याच्या ओढीमुळे संबंध आला नाही त्याने निम्म्यावर घासाघीस न करता ती पूर्णच द्यावी, असे मला वाटते. पत्नीला खुला मागायला लावून मेहर वाचवणारा पती दुसऱ्यांदा तिचा हक्क मारत असतो. नोंदणी, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचे नियम त्या त्या देशाच्या कायद्याने ठरतात, तेव्हा वकिलाला भेटावे. त्यालाही कारणाची जितकी गरज आहे तितकेच सांगावे. मुलांना वयानुसार सांगावे. लहानग्यांना दोघेही तुमचेच आहोत एवढे पुरते.

विभक्त झाल्यावर काही महिन्यांतच नवी स्थळे सांगून येऊ लागतील आणि या वेळी आग्रह अधिक कडक असेल. बरीरा (रजि.) यांनी पती मुगीस यांच्यापासून वेगळे व्हायचे ठरवले तेव्हा पैगंबर (स.) यांनी परत जाण्याविषयी त्यांना सुचवले, हा हुकूम आहे का, असे बरीरांनी विचारले, आणि ही केवळ शिफारस आहे असे कळताच त्यांनी ती नाकारली, त्याबद्दल त्यांना कुणी गुनहगार ठरवले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची शिफारस त्याहून मोठी नसते. ती अदबीने ऐकून घ्यावी, आणि पहिल्या निकाहपूर्वी जे वाक्य म्हणायला हवे होते, की मी कुणावर अन्याय होईल असे पाऊल उचलणार नाही, ते या वेळी मुलीकडच्यांना निरोप जाण्याआधीच म्हणावे.